जिंकत आलेला डाव सोडल्याबद्दल

माणूस हरला की त्याला कारणं द्यावी लागतात आणि जिंकला की पार्टी द्यावी लागते. बरोबरीत सुटलेल्या माणसाला मात्र कुणालाच काही द्यावं लागत नाही. मानवजातीने लावलेल्या शोधांमध्ये बरोबरीचा नंबर चाकाच्या खाली आणि छत्रीच्या वर लागावा, असं महिपत शितप यांचं ठाम मत होतं. तालुका कचेरीत आवक-जावक टेबलावर सबंध नोकरी काढून त्यांनी हे मत कमावलं होतं. (जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, अशा टेबलावर बसलेल्या माणसाचं दुसरं काही मत होणं कठीण.)

या मताला साजेशी संस्था त्यांना गावातच मिळाली, हे त्यांचं भाग्य. रत्नागिरीत खालच्या आळीत, बंद पडलेल्या एका कौलांच्या वखारीच्या माडीवर 'बुद्धिबळप्रेमी मंडळ' आहे. सभासद अठरा, पट सात, खुर्च्या बारा आणि पंखा एक. स्थापनेपासून आजवर मंडळात झालेल्या डावांपैकी नव्वद टक्के बरोबरीत सुटले. उरलेल्या दहांपैकी सहा टक्क्यांत एका खेळाडूला घरून फोन आला. तीन टक्क्यांत वजीर गमावल्याचं गमावणाऱ्याच्या आधी जिंकणाऱ्याच्या लक्षात आलं, हा निव्वळ अपघात. राहिलेल्या एका टक्क्यात खरोखर मात झाली होती, पण एक डाव सोडला तर ती कुणी कुणावर केली याबद्दल अजून एकमत नाही.

बाहेरच्या माणसाला हे आकडे पाहून हसू येईल. पण त्याने जरा शांतपणे विचार करावा. पुण्यामुंबईत माणूस ज्याला हरवतो तो त्याला पुन्हा भेटत नाही. इथे संध्याकाळी ज्याला मात द्यावी, त्याच्याच खिडकीपुढे सकाळी दाखल्यासाठी उभं राहावं लागतं. त्याची मेहुणी आपल्या पोराची वर्गशिक्षिका असते. त्याच्या चुलत्याच्या बागेतली पायरी आपल्या लोणच्यात असते. इतक्या माणसांची मनं एका घोड्याच्या चालीसाठी दुखवायची का, हा सवाल आहे, आणि मंडळाने तो कायमचा निकालात काढलेला आहे.

त्यासाठी मंडळाने एक रीतही घालून दिली आहे. बरोबरीचा प्रस्ताव तोंडाने मांडणं तिथे असभ्य समजलं जातं, कारण त्यातून आपल्याला भीती वाटते असा अर्थ निघतो. ज्याला डाव सोडवायचा असेल त्याने पटावरची नजर उचलायची आणि विचारायचं, "चाय मागवूया काय?" समोरचा "मागवा" म्हणाला की डाव बरोबरीत सुटला. मग दोघांनी हात मिळवायचे आणि चहा खरोखरच मागवायचा. (नुसतीच तहान लागलेल्याने पाणी मागावं, असा फलक भिंतीवर आहे.)

एवढी सुंदर रीत असूनही मंडळ दरवर्षी ढालीसाठी स्पर्धा घेतं, कारण स्पर्धा घेतली नाही तर मंडळ कशाला, असं कुणीतरी विचारलं असतं. सुरुवातीच्या फेऱ्यांत बरोबरी झाली की चिठ्ठ्या टाकून एकाला पुढे पाठवतात. अंतिम फेरीत मात्र चिठ्ठ्या नसतात. अजिंक्यपद नशिबावर ठरवणं बुद्धीच्या खेळाला शोभत नाही, असं मंडळाला वाटतं. अंतिम डाव बरोबरीत सुटला तर ढाल मंडळाच्या कपाटातच राहते. आजवर ती एकदाच कपाटाबाहेर गेली. साताऱ्याहून बदलून आलेले एक साहेब होते. त्यांना रीत ठाऊक नव्हती. समोरच्याने दोनदा चहा विचारला, तर साहेब म्हणाले, "मला ॲसिडिटी आहे," आणि मात करून मोकळे झाले. पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली. मंडळाचा त्यात काही हात नव्हता, मंडळाने फक्त आनंद व्यक्त केला.

आता इतकं सगळं पटलेल्या महिपतरावांच्या मनात एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना ती ढाल हवी होती. एकदाच हवी होती. नोकरीत त्यांना बढती मिळाली नाही, भावकीत त्यांचा शब्द चालला नाही आणि घरात टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे कधी आला नाही. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण आयुष्यात एकदा तरी आपण समोरच्याच्या राजाला असं कोंडावं की त्याला हलायला घर उरू नये, आणि मग शांतपणे चष्मा पुसावा, असं त्यांना फार वाटे. चष्मा पुसण्याचा सराव त्यांचा पूर्ण झालेला होता. मात करणं तेवढं राहिलं होतं.

गेल्या वर्षी गौरी-गणपती आटपून चाकरमानी परतले आणि मंडळाची स्पर्धा सुरू झाली. महिपतराव एकही डाव न हरता अंतिम फेरीत पोचले. (एकही डाव न जिंकताही पोचले, पण चिठ्ठीतलं त्यांचं प्रावीण्य वादातीत होतं.) अंतिम फेरीत त्यांच्यासमोर आले भिकू पाष्टे. एस.टी.त कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. आवाज खणखणीत, खेळ महिपतरावांच्याच तोडीचा. म्हणजे दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याला घाबरण्याचं कारण नव्हतं. तरीही महिपतरावांचा चेहरा उतरला, कारण गणपतीतच त्यांच्या मुलीची, स्वप्नाची, आणि पाष्ट्यांच्या मुलाची, राकेशची, सुपारी फुटली होती. लग्न तुळशीनंतर धरलं होतं.

थोडक्यात, ढाल आणि महिपतराव यांच्या मध्ये आता व्याही उभे होते.

हा पेच साधा नाही. मुलीच्या बापाने लग्नाआधी मुलाच्या बापाला चारचौघांत हरवावं, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. दुसऱ्या बाजूने मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला हरवावं, तर आताच्या काळात लोक म्हणणार, बघा, आतापासूनच सुरू झाले. काशीबाईंनी, म्हणजे महिपतरावांच्या पत्नीने, सकाळीच ताकीद दिली होती.

"अवो, तिथं जाऊन शहाणपणा करू नका. पोरीला त्या घरात नांदायचंय."

"मी कशाला शहाणपणा करू?"

"तेच सांगतंय. नेहमी खेळताव तसंच खेळा," काशीबाई म्हणाल्या. महिपतरावांना हे उत्तेजन समजावं की काय ते कळलं नाही.

डाव पाच वाजता सुरू व्हायचा होता. तो साडेपाचला सुरू झाला, कारण पांढरी मोहरी कुणी घ्यायची यावर एकमत होईना.

"तुमी घ्या पांढरी," महिपतराव म्हणाले. "मुलाकडचे तुमी."

"नाय वो, आमी असलं काय मानत नाय. तुमीच घ्या."

"तसं कसं? आमी पाठून चालतो."

शेवटी मंडळाचे सचिव गुरुप्रसाद, ज्यांचं बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे, त्यांनी भिकू पाष्टे यांना खांदा धरून पांढऱ्या बाजूला बसवलं. पाष्ट्यांनी नाइलाज म्हणून पांढरी मोहरी स्वीकारली आणि नाइलाजानेच पहिली चाल केली.

पुढचा डाव बुद्धिबळाच्या इतिहासात मानपानाचा उत्कृष्ट नमुना म्हणून नोंदला जायला हरकत नाही. पाष्ट्यांनी महिपतरावांचं प्यादं घेतलं ते "घेतो हां, राग मानू नका" असं म्हणून. महिपतरावांनी लगेच पाष्ट्यांचं प्यादं घेतलं, कारण घेतल्याची परतफेड केली नाही तर पुढच्याला ओशाळं वाटतं. घोड्याला घोडा गेला. उंटाला उंट गेला. हत्तीला हत्ती देताना पाष्ट्यांना जरा उशीर झाला, तर महिपतराव आपणहून म्हणाले, "असूंदे, सावकाश घ्या." लग्नातल्या आहेरासारखा सगळा व्यवहार चोख चालला होता. बघे कंटाळून खिडकीपाशी जाऊन पावसाची सर बघत उभे होते आणि पट हळूहळू रिकामा होत होता.

आणि मग महिपतरावांना ते दिसलं.

पाष्ट्यांचा राजा एका बाजूला सरकून बसला होता. महिपतरावांचा वजीर त्याच्या शेजारच्या घरात जाऊन बसला, तर मागून हत्तीचा जोर होता. राजाला वजीर खाता येत नव्हता. पळायला घर नव्हतं. म्हणजे मात! महिपतरावांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा मात. इतक्या वर्षांत अशी चाल त्यांना फक्त वर्तमानपत्रातल्या कोड्यात, तीही दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आल्यावर दिसलेली होती. आज ती त्यांच्या स्वतःच्या पटावर, त्यांच्या स्वतःच्या पाळीला येऊन उभी होती.

त्यांचा हात वजिराकडे गेला. बोटं टेकणार इतक्यात त्यांनी वर पाहिलं. भिकू पाष्टे पटाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. बिचाऱ्याला कळलंय, महिपतरावांच्या मनात आलं. आपण मेलो हे त्याला कळलंय. आणि त्या लाल चेहऱ्यामागे त्यांना स्वप्ना दिसली. नव्या घरात पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन सासऱ्यापुढे उभी असलेली स्वप्ना, आणि ढाल गेलेला सासरा.

हात माघारी आला. ढाल कपाटाच्या काचेतून दिसत होती. तिच्याकडे न बघता त्यांनी मान वर केली.

"चाय मागवूया काय?"

पाष्ट्यांचे ओठ हलले, मिटले. मग त्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "मागवा."

हात मिळाले. टाळ्या पडल्या. गुरुप्रसादनी बाजूने एक फोटो काढला. डावीकडे पाष्टे, उजवीकडे महिपतराव, मध्ये पट, वर मिळालेले हात. तो लगेच मंडळाच्या ग्रुपवर गेला. खाली मजकूर होता, 'व्याह्यांची ऐतिहासिक बरोबरी! ढाल कपाटात सुखरूप.' त्यावर अकरा अंगठे, सात फुलं आणि एका सभासदाकडून चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या.

आता त्याग ही गोष्ट अशी आहे की ती गुप्त ठेवली तर फुकट जाते. महिपतरावांनी या प्रकाराचा कुठेही बोभाटा केला नाही. कुणी विचारलं तरच त्यांनी सांगितलं, आणि कुणी विचारलं नाही तर विचारायला लावलं. दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. बांगडे निवडताना सोनूबाई कोळणीला सांगितलं, त्यावर तिने "बरा केलात" म्हणून एक बांगडा जास्त टाकला. पेन्शनच्या रांगेत पुढच्याला सांगितलं आणि तो गेल्यावर मागच्याला. पहिल्या आठवड्यात ते "थोडा वरचढ होतो" एवढंच म्हणत. नवरात्रात "जिंकत आलेला डाव" म्हणू लागले. दसऱ्यापर्यंत त्यात चष्मा पुसण्याचा प्रसंगही आला.

आणि गंमत म्हणजे माणूस खरोखर बदलला. कचेरीत कुणी 'सरका' म्हटलं की सरकणारे महिपतराव आता एस.टी.त खिडकीची जागा धरून बसू लागले. घरात एकदा रिमोट मागितला. हरलेल्या माणसाची चाल वेगळी असते, जिंकलेल्याची वेगळी असते आणि जिंकणं सोडून दिलेल्याची तर फारच वेगळी असते. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा जिंकावं लागतं, सोडणाऱ्याला पुन्हा काहीच करावं लागत नाही. महिपतराव सुखात होते. इतके सुखात ते लग्नानंतर पहिल्यांदाच होते, आणि यात काशीबाईंचा अवमान करण्याचा हेतू नाही.

हे सुख विहीणबाईंच्या एका फोनने संपलं.

काशीबाई फोन ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "चंपाविहिणीचा फोन आलावता. हॉलचं बोलत व्हती. बोलता बोलता म्हणते, आमच्या ह्यांनी त्या दिवशी जिंकलेला डाव सोडला. म्हणे, मुलीकडच्यांचं तोंड पडायला नको."

महिपतरावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कोणी सोडला?"

"त्यांनी."

"अगो, मी सोडला!"

"मना काय माहीत? तुमी म्हणताव तुमी, ते म्हणताहेत ते. दोघांनी सोडला आसंल."

"दोघांनी कसा सोडंल? डाव एकच होता!"

चौकशीअंती असं निष्पन्न झालं की भिकू पाष्टे यांनीही कुठे बोभाटा केला नव्हता. त्यांनी फक्त डेपोतल्या जुन्या मंडळींना, मारुती मंदिराजवळच्या पानवाल्याला आणि पावसला राहणाऱ्या बहिणीला सांगितलं होतं. त्या दिवशीचा त्यांचा लाल चेहरा भीतीचा नव्हता. तो जिंकायला आलेल्या माणसाचा होता. पुढच्याच चालीत आपला वजीर आत घालून ते महिपतरावांवर मात करणार होते, आणि केवळ नव्या नात्याची बूज राखून त्यांनी चहा पत्करला होता. 'बिचाऱ्याने घाबरून चाय विचारली, मी म्हटलं जाऊ दे' असे त्यांचे शब्द महिपतरावांपर्यंत आले.

बिचाऱ्याने! आपला त्याग जगाने विसरावा, हे एक वेळ माणूस सहन करील. पण आपण ज्याच्यासाठी त्याग केला त्यानेच उलट आपल्यासाठी त्याग केला असं म्हणावं, यासारखा कृतघ्नपणा नाही. महिपतरावांनी गुरुप्रसादना फोन लावला आणि फेरलढत मागितली. पाष्ट्यांनी "मना काय भीती हाय?" म्हणून तासाभरात होकार दिला. मंडळाच्या हयातीत अशी मागणी कधी आली नव्हती, त्यामुळे गुरुप्रसादनी नियम तयार केले. मंडळाच्या त्याच माडीवर, लग्नाच्या आधीच्या रविवारी, सर्व सभासदांसमक्ष, चहाला बंदी. हा शेवटचा नियम वाचून जुन्या सभासदांच्या अंगावर काटा आला.

मग दोन्ही घरांतली बोलणी थंडावली. हॉल ठरेना. पाष्ट्यांनी सुचवलेला आचारी महिपतरावांना 'घाईचा' वाटू लागला. महिपतरावांनी काढलेल्या मुहूर्तावर पाष्टे म्हणाले, "त्यांना कुठची चाल कधी करायची ते कळत नाय." राकेश मुंबईहून रोज फोन करायचा आणि स्वप्ना पडवीत जाऊन हळू आवाजात बोलायची. एका दुपारी ती आत आली ती तडक बापासमोर येऊन उभी राहिली. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. निष्कर्ष लपवायची तिला सवय नाही.

"बाबा, लग्न माझं हाय की तुमच्या वजिराचं?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," महिपतराव म्हणाले.

"बरं. मग मी आणि राकेशनं काय केलं ते ऐका. गुरुकाकांचा फोटो हाय ना ग्रुपवर? त्यातली मोहरी जशीच्या तशी आम्ही मोबाइलात मांडली. मोबाइल सांगतो कोण जिंकत होतं ते."

महिपतराव सावरून बसले. विज्ञानावर त्यांचा विश्वास होताच. "मग? मात होती ना?"

"तुम्ही वजीर कुठं नेणार होतात?"

त्यांनी हवेतच बोट ठेवून घर दाखवलं. इतके दिवस रोज डोळ्यांसमोर येणारं घर ते चुकणार नव्हते.

स्वप्नाचा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा, तिथं उंट हाय."

"कुठचा उंट?"

तिने फोटो मोठा केला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, महिपतरावांचा वजीर जिथे जाऊन मात करणार होता त्याच्या अगदी शेजारच्या तिरक्या घरात, पाष्ट्यांचा एक उंट उभा होता. डावाच्या सुरुवातीला कधीतरी तो तिथे येऊन उभा राहिला होता, आणि नंतर त्याच्या मालकासकट सगळे त्याला विसरले होते. वजीर तिथे गेला असता तर उंटाने त्याला एका पावलात खाल्लं असतं. पुढे पाचसात चालींत महिपतरावांचाच राजा आडवा झाला असता.

महिपतरावांना वाईट वाटलं. थट्टेची गोष्ट नाही, फार वाईट वाटलं. ढाल मिळाली नाही याचं दुःख त्यांनी जुन्या दुखण्यासारखं अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण न मिळालेली ढाल आपण होऊन सोडली होती, ही एकच गोष्ट त्यांच्यापाशी अशी होती की जी दुसऱ्या कुणी दिलेली नव्हती. ती आता एका लाकडी उंटाने खाल्ली.

"आणि तो?" त्यांनी विचारलं. "व्याही जिंकत होता?"

"तेही नाय. त्यांचा वजीर जिथं येणार होता, त्याच्या शेजारी तुमचा उंट हाय. ह्या बाजूला, बघा. राकेश आज त्याच्या बाबांना हेच सांगतोय." स्वप्नाने फोन खाली ठेवला. "मोबाइल म्हणतो, डाव बरोबरीचाच होता. दोघांनी मिळून सगळ्या डावात एकच चाल अचूक केलीत."

"कुठची?"

"चाय मागवलीत ती."

महिपतरावांनी चष्मा काढला आणि पुसला. यात विजयाचा काही संबंध नव्हता, चष्मा ओला झाला होता. स्वप्नाने ते पाहिलं आणि म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाय." ती तसं करीलही, याची त्यांना खात्री होती. प्रश्न फोटोचा होता. फोटो अठरा सभासदांच्या मोबाइलवर होता, आणि आपल्यासारखाच कुणीतरी रिकामटेकडा एक दिवस त्या कोपऱ्याकडे बघणार.

रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी फोटोची मोठी प्रत काढली आणि गाडीतळाजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेले. घरात मोठी फ्रेम लागली की लोक मोबाइलातलं विसरतात, असा त्यांचा हिशेब होता.

"फ्रेम करायची आहे," ते म्हणाले. "जाड, सोनेरी. आणि हा कोपरा आहे ना डावीकडचा, तो जरा..."

"कापून वर वेलबुट्टी लावू?"

महिपतराव चपापले. "तुला कसं कळलं?"

"कालच एक गृहस्थ हाच फोटो घेऊन आलेवते. कंट्रोलर होते म्हणे. त्यांना उजवीकडचा कोपरा कापून हवा होता."

महिपतराव दुकानाच्या बाकावर बसले. काल भिकू पाष्टे याच बाकावर बसले असणार, असेच घाम पुसत. आणि महिपतरावांना त्या माणसाबद्दल एकदम अशी माया दाटून आली, जी सुपारी फुटताना, पेढे भरवताना किंवा हात मिळवताना आली नव्हती. हा खरा व्याही. पत्रिका जुळल्या होत्या त्या पोरांच्या. आज बापांच्याही जुळल्या.

फेरलढत रद्द झाली. 'उभय पक्षांनी थोर मनाने माघार घेतल्यामुळे' असं गुरुप्रसादनी ग्रुपवर कळवलं, आणि दोघांच्या नावावर आणखी एक त्याग जमा झाला. हॉल त्याच संध्याकाळी ठरला. घाईचा आचारी चालला. तुळशीनंतर लग्न थाटात झालं आणि मंगलाष्टकं संपल्यावर दोन्ही बाप एकमेकांना मिठी मारून इतके रडले की फोटोग्राफरला वाटलं, ह्यांचंच काहीतरी आहे.

आता महिपतरावांच्या घरी आल्यागेल्याला तो फोटो दाखवला जातो. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात सोनेरी वेल आहे आणि तिच्या शेजारी महिपतराव बोट ठेवून सांगतात, "वजीर हितं जाणार होता." पाष्ट्यांच्या घरी तोच फोटो आहे. तिथे वेल उजवीकडे आहे. फ्रेमवाला आणि राकेश सोडले तर दोन्ही फ्रेमा पाहिलेलं माणूस एकच, स्वप्ना, आणि ती दोन्हीकडे पाहुण्यांना चहा देते. दोन्ही सद्गृहस्थांची तब्येत उत्तम आहे. जिंकत आलेला डाव सोडलेल्या माणसाला आयुष्य जास्त असतं असं दिसतं.

फ्रेमवाल्याचं मात्र काम फार वाढलं आहे. वाचकांपैकी कुणी हसत असेल तर त्याने गाडीतळावर एकदा जाऊन यावं. कुणी आईवडिलांसाठी मुंबईची नोकरी सोडल्याचा फोटो घेऊन येतो, कुणी भावकीत वाद नको म्हणून सोडलेल्या निवडणुकीचा. कुणी एकदा हो म्हणणार होती अशा मुलीचा, जिला आपणच मित्रासाठी सोडली. सगळे सोनेरी पट्टीच मागतात. फ्रेमवाला म्हणतो, कुठचा कोपरा कापायचा हे मी कुणाला विचारत नाही, कारण गिऱ्हाईक फोटो देतं तेव्हा तो कोपरा त्याने आधीच अंगठ्याखाली झाकून धरलेला असतो. हे वाचता वाचता तुम्हालाही तुमचा एखादा फोटो आठवला असेल. अंगठा कुठे आहे, तेवढं बघा.